आहारविवेक : जांभूळ येथील निरूपण



आजचा विषय पूर्वी योजलेला नव्हता. अंबरनाथ-बदलापूरच्या परिसरातील या जांभूळ गावी आमचा मुक्काम झाला, त्याच सायंकाळी घरच्या बाईंनी एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने योजलेले प्रकरण बाजूस सारले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे उपहार होता, साधूंची पंगत होती. बाई म्हणाल्या, “बाबा, उद्या गोडाचे काय करू? आमच्या घरात तिघांना साखरेचा आजार आहे. त्यांना बाजूला ठेवता येईल. पण येणाऱ्या साधूंपैकी दोघांना तोच आजार आहे, हे मला ठाऊक आहे. गोड केले नाही तर उपहारात उणे राहिले असे वाटते आणि केले तर मीच माझ्या हाताने त्यांना अपाय करते की काय, असे वाटते.”

त्या रात्री मला या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही. कारण हा प्रश्न स्वयंपाकघरातला दिसत असला तरी त्याच्या पोटात तीन शंका आहेत. देह नाशवंत आहे, मग त्याची एवढी चिंता साधकाने का करावी, ही पहिली. भिक्षेत आवडनिवड करू नये असा आचार असता, हे चालेल आणि ते चालणार नाही असे साधूने कसे म्हणावे, ही दुसरी. आणि रोग कर्माने येतो, तर आहाराच्या व औषधाच्या मागे लागणे म्हणजे परमेश्वरावरील भरवसा उणा करणे नव्हे काय, ही तिसरी. या तिन्ही शंकांचे समाधान झाल्यावाचून बाईंच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. म्हणून क्रमाने विचार करू.

प्रथम एक दृष्टांत घेऊ. तो दूरचा नाही, याच गावचा आहे. १९७२ साली बारवी धरण झाले. त्या धरणाचे पाणी शुद्ध करण्याचे औद्योगिक विकास महामंडळाचे केंद्र या जांभूळ गावी आहे. येथून निघालेले पाणी आसपासच्या शहरांतील आणि कारखान्यांच्या वसाहतींतील असंख्य नळांना जाते. अशा केंद्रात पाणी येते तेव्हा गढूळ असते. त्यात तुरटी घालून गाळ खाली बसवितात, मग ते वाळूच्या थरांतून गाळतात, शेवटी क्लोरिनने त्यातील रोगजंतू मारतात आणि मगच ते पुढे सोडतात. आता समजा, केंद्रावरील माणूस म्हणू लागला की, पाणी तर देवाने दिले आहे, त्यात निवड करणारा मी कोण? तर त्याचा हा वैराग्यभाव घरोघरच्या मुलांच्या पोटात कावीळ आणि हगवण होऊन उतरेल.

दार्ष्टांतिक असे की, आपले मुख हेही असेच एक केंद्र आहे. त्याच्यापुढे देहरूपी सारे नगर वसले आहे. हृदय, मूत्रपिंडे, डोळे, पायांची बोटे ही त्या नगरातील घरे होत. नळाला जे येईल ते त्यांना निमूटपणे घ्यावे लागते. निवड करण्याचे एकच ठिकाण आहे आणि तेथे पहारा करण्यास परमेश्वराने जीवाला विवेक दिला आहे. परंतु आपण पहाऱ्यावर विवेकास न बसविता रसनेस बसवितो. चोरालाच चौकीदार नेमावे, तशी ही गोष्ट झाली.

आता पहिली शंका. देह नाशवंत आहे, मलमूत्राचे भांडे आहे, त्याची आसक्ती धरू नये, हे सर्व खरेच आहे. परंतु जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांचे ज्ञान घेण्याचा, नाम घेण्याचा आणि आचार करण्याचा अधिकार जीवाला मनुष्यदेहातच लाभतो. अटन करावयाचे ते याच पायांनी, शास्त्र वाचावयाचे ते याच डोळ्यांनी. नाव ही पैलतीराला गेल्यावर सोडून द्यावयाचीच असते. म्हणून प्रवाहाच्या मध्यावर तिला भोके पाडणारा माणूस विरक्त ठरत नाही, तो बुडणारा ठरतो. देहाची आसक्ती निराळी आणि देहाचे रक्षण निराळे. देहाला सजविणे, त्याचे लाड पुरविणे ही आसक्ती होय. जे चवीला गोड लागते ते देहाला घातक आहे असे कळूनही खात राहणे, हीदेखील आसक्तीच होय. दुसरीला आपण चुकून वैराग्य म्हणतो, एवढाच भेद.

येथे एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. ती सांगताना मला संकोच होतो, कारण तीत माझाही दोष आहे. माझे एक वडीलधारे गुरुबंधू होते. त्यांना साखरेचा आजार जडला होता. त्यांनी तो पुष्कळ दिवस कोणास सांगितला नाही. जेथे जात तेथे पुरणाची पोळी, शिरा, बासुंदी पुढे येई आणि देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून ते ती नाकारीत नसत. मला त्यांचा आजार पुढे कळला. कळल्यावरही पंगतीत मी त्यांच्या पानावर दुसऱ्यांदा शिरा वाढला आहे. ती सेवा आहे अशी माझी समजूत होती. या आजारात काही वर्षांनी पायांची संवेदना मंद होते, हे मला ठाऊक नव्हते. एकदा अनवाणी चालताना त्यांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला आणि तो त्यांना कळलाच नाही. कळला तेव्हा जखम चिघळली होती. आधी बोट काढावे लागले, नंतर पाऊल. त्यानंतर त्यांचे अटन थांबले, भिक्षा थांबली. ते पुढे बरीच वर्षे होते. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. फक्त एकदा मला म्हणाले, “झोळी खुंटीला लागली, तेवढे मात्र सोसवत नाही.”

त्यांच्या त्या शब्दांनंतर देहरक्षणाचा विचार हा देहाभिमान आहे, असे मी कधी म्हटले नाही. ज्याला आचार हवा त्याला पाय हवेत.

आता दुसरी शंका. भिक्षेत आवडनिवड करू नये, हा आचार आहे आणि तो अबाधित आहे. स्वामींनी चारही वर्णांच्या घरची भिक्षा विहित केली. हा घराचा मोठेपणा, हा लहानपणा, असा भेद झोळीने जाणू नये. झोळीत एकत्र झालेल्या अन्नात तिखट, गोड, आंबट असा भेद उरत नाही आणि रसनेचे राज्य तेथेच संपते. या आचाराचा हेतू आरोग्य हा नव्हे, रसनाजय आणि असंगता हा आहे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. आरोग्यासाठी आचार सांगितला असे म्हणणे म्हणजे चंदन जळणासाठी उगवते असे म्हणण्यासारखे आहे. तथापि या आचाराने देहाचे हितही आपोआप साधत होते, हे नाकारता येत नाही. कसे ते पाहा. एका घरची ज्वारीची भाकरी, दुसऱ्या घरची डाळ, तिसऱ्या घरचा पाला, चौथ्या घरची कण्या-ताक. असे नाना धान्यांचे, थोडेथोडे, बिनतुपाचे अन्न पोटात जाई. त्याच्यामागे कोसांचे चालणे असे. अन्न साधे आणि चाल लांब, असा तो मेळ होता.

आज मेळ उलटला आहे. आज अनेक ठिकाणी आमंत्रणाची पंगत झाली, पंगतीत दोन पक्वान्ने आली, आणि तेथवर जाण्यास वाहन आले. अन्न जड आणि चाल शून्य. म्हणजे आचाराचे नाव राहिले आणि आचाराने होणारे देहाचे हित मात्र निघून गेले. मग ‘आवडनिवड करू नये’ हे वचन आपण कोठे लावतो? नाचणीची भाकरी समोर आली असता ते आपल्याला आठवत नाही, बासुंदी आली की मात्र आठवते. आवडीचे ते सोडणे ही निवड नव्हे, तो रसनाजय आहे. म्हणून ज्याला आजार आहे त्या साधूने हात जोडून ‘एवढे पुरे, गोड नको’ असे म्हणण्यात आचाराचा भंग नाही. त्याने ‘गोड नको, त्याऐवजी अमुक करा’ असे म्हटले तर मात्र दोष येईल. मागणे हा दोष आहे, सोडणे हा दोष नाही. हा भेद लक्षात ठेवावा.

श्रीकृष्णचक्रवर्तींनी गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनास हेच सांगितले आहे. अति खाणाऱ्यास योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यासही साधत नाही. आहार, विहार, निद्रा आणि जागृती ही युक्त असावीत. येथे ‘युक्त’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तो त्यागाचा शब्द नाही आणि भोगाचाही नाही, तो मापाचा शब्द आहे.

तिसरी शंका कर्माची. रोग कर्माने येतो, हे मान्य. पण कर्म म्हणजे केवळ मागच्या जन्मीचे, असे कोणी सांगितले? काल रात्री खाल्लेले तेही कर्मच आणि आज सकाळी न चालणे तेही कर्मच. त्यांचे फळ याच देही मिळते. यासंबंधी शोध करणाऱ्यांनी जे पाहिले ते ऐकण्यासारखे आहे. चेन्नई येथील वैद्यांनी ज्यांना हा आजार होण्याची लक्षणे दिसत होती अशा पाचशेंहून अधिक लोकांवर अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध केला. त्यांतील ज्यांनी केवळ आहार सुधारला आणि नित्य चालणे ठेवले, त्यांच्यात आजार जडण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाले. सुमारे तीन वर्षांत हा फरक पडला. मागील कर्म पुसता येत नसेल, परंतु पुढील कर्म हातात आहे, याचा हा पुरावाच नव्हे काय? परमेश्वरावरील भरवसा म्हणजे त्याने दिलेल्या बुद्धीस कुलूप लावणे नव्हे. औषध घेणारा साधू देवाला सोडून वैद्याला धरतो, असेही नव्हे. तहान लागली असता पाणी पिणाऱ्यावर हा आरोप कोणी करीत नाही.

आता वासनिक मंडळींसाठी विषय अधिक उघड करून सांगतो, कारण गृहस्थाचे स्वयंपाकघर हेच साधूच्या झोळीचे उगमस्थान आहे.

हा आजार किती पसरला आहे, याची कल्पना असावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेला देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आहे. ‘तो श्रीमंतांचा, लठ्ठांचा रोग, आम्ही कष्टाची माणसे, आम्हांला कोठून होणार,’ असे कोणी म्हणेल. त्यास पुण्याचे उदाहरण पुरे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती भगिनींचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालविला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलो वजनाची होती, इंग्लंडातील बालके सुमारे ३.५ किलोची. परंतु आपली बालके हातापायांनी आणि स्नायूंनी कृश असूनही त्यांच्या कातडीखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. दिसण्यात बारीक, आतून मेदयुक्त, अशी ही घडण. म्हणून आरशात पाहून ‘मी बारीक आहे’ असे समाधान मानू नये. पोटाचा घेर पाहावा आणि तिशीनंतर रक्तातील साखर तपासून घ्यावी.

त्याच अभ्यासात आपल्या पंथास विशेष लागू पडणारी गोष्ट आढळली. त्या मातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. हे सत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसते. ते प्राणिज अन्नात असते आणि शाकाहारी माणसास ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, थकवा येतो, रक्त कमी होते, स्मरण मंद होते. आपण अहिंसा हे व्रत प्राणापलीकडे जपतो आणि जपलेच पाहिजे. पण व्रत जपावयाचे तर त्याची ही उणी बाजू जाणून भरून काढली पाहिजे. रोज दूध-दही घ्यावे, म्हातारपणी आणि गर्भवती भगिनींनी वैद्यास विचारून रक्त तपासावे आणि उणीव असल्यास गोळी घ्यावी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन नावाची गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत ही उणीव अधिक होते, हेही ध्यानात ठेवावे. नाही तर उद्या लोक म्हणतील की यांच्या अहिंसेने यांना दुबळे केले. दोष अहिंसेचा नसेल, आपल्या अज्ञानाचा असेल.

मग पानात काय असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वे सांगितली. सामान्य प्रौढ माणसास दिवसाकाठी सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध, असे ते माप आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही धरलेले आहे. आता आपले पान डोळ्यांसमोर आणा. आपल्या ठाणे जिल्ह्यात भात हा राजा आहे. पानावर भाताचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी डाळीचे पाणी आणि कोपऱ्यात बोटभर भाजी. संस्थेने सांगितलेल्या मापात भाजी धान्याहून जास्त आहे, आपल्या पानात ती प्रधानाच्या मागे उभ्या राहिलेल्या नोकरासारखी आहे. भात सोडा असे मी म्हणत नाही. भाताचा डोंगर टेकडीएवढा करा आणि भाजीची टेकडी डोंगराएवढी करा, इतकेच. भाजी आणि डाळ आधी खाऊन भात शेवटी खाल्ला तर जेवणानंतर रक्तातील साखर कमी चढते, हेही पाहण्यात आले आहे. यास दमडीचाही खर्च नाही.

आणि भाजीला या मुलखात काय उणे? पहिला पाऊस पडण्याच्या सुमारास आदिवासी भगिनी बदलापूर-अंबरनाथच्या बाजारात शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळाने घसा खाजतो, कारण त्यात सूक्ष्म सुयांसारखे स्फटिक असतात. म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवितात. हे ज्ञान कोणत्या विद्यापीठाने दिले? पिढ्यांनी दिले. त्यामागून टाकळा येतो, कुरडू येतो, भारंगी येते, कंटोळी येतात. वालाचे बिरडे आहे, नाचणी आहे, वरी आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले आणि शहरातील लोक महाग पुड्यांतून नाचणी विकत घेऊ लागले. आपल्या आजीने ती उखळीजवळ ठेवलीच होती. आपण ती गरिबीची खूण म्हणून टाकली आणि वडापाव व बाटलीतील गोड पेये प्रगतीची खूण म्हणून उचलली.

गावाचे नावच जांभूळ, तेव्हा जांभळाविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, ही आनंदाची गोष्ट. जांभळे हंगामात मापाने अवश्य खावीत. त्याच्या बियांचे चूर्ण साखरेच्या आजारावर घेण्याची जुनी चाल आहे. परंतु चूर्ण सुरू केले म्हणून वैद्याची गोळी बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांचा पुढचा प्रवास मला पाहवला नाही. दृष्टांतपाठात हत्ती आणि जात्यंध यांचा दृष्टांत आहे. एकाच्या हाती पाय लागला, एकाच्या हाती कान लागला आणि प्रत्येकाने तेवढ्यालाच हत्ती म्हटले. आरोग्याचेही आज तसेच झाले आहे. एकाच्या हाती जांभळाची बी लागते, दुसऱ्याच्या हाती कारल्याचा रस, तिसऱ्याच्या हाती मेथीचे दाणे, आणि प्रत्येक जण तेवढ्यालाच आरोग्य म्हणतो. संपूर्ण हत्ती म्हणजे माप, भाजी, चालणे, झोप, तंबाखूचा त्याग आणि वैद्याची तपासणी हे सर्व मिळून. राज्यात २०१२ पासून गुटख्यास बंदी आहे, पण बंदी कागदावर असते आणि पुडी खिशात. उपदेश घेतलेल्याने तरी मिश्री आणि तंबाखू यांना तोंडाची वाट दाखवू नये. ज्या मुखाने नाम घ्यावयाचे त्या मुखाशी हा व्यवहार शोभत नाही, आणि त्याचा शेवट मुखाच्या कर्करोगात होतो तो वेगळाच.

साधूंसाठी चार गोष्टी निराळ्या सांगतो. ज्यांना आजार आहे त्यांनी तो लपवू नये. संकोचाने लपविलेला आजार पुढे संपूर्ण मार्गावर सेवेचा भार होऊन पडतो. रोज रात्री पायांचे तळवे पाहावेत, स्वतःस दिसत नसतील तर शेजाऱ्यास दाखवावेत. काटा, फोड, भेग दिसली तर त्याच दिवशी उपाय करावा आणि वैद्याने सांगितल्यास पादत्राण घालण्यास लाजू नये. गोळी किंवा इंजेक्शन घेतले आणि भिक्षेस उशीर झाला तर साखर एकाएकी उतरते. घाम सुटतो, हात कापतात, बोलणे असंबद्ध होते. त्या वेळी चिमूटभर नव्हे, दोन-तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी, मात्र शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काही न घालता वैद्याकडे न्यावे. ज्या साखरेस आपण वर्ज्य म्हटले तीच त्या घटकेस प्राण वाचविते. युक्त या शब्दाचा अर्थ येथे पुरता उमगतो. आणि शेवटचे, पाय धड आहेत तोवर चालावे. वाहन आले म्हणून अटन संपले असे नाही. निदान भोजनानंतर पाव घटका नाम घेत चालावे. स्मरणही होते आणि साखरही उतरते.

असो. आता बाईंच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्यांना मी दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटले, “बाई, उपहारात गोड असावे ही रीत आहे, आणि ती मोडण्यास मी सांगत नाही. देवाला अर्पण होईल एवढेच करा. प्रसाद म्हणून प्रत्येकाच्या हातावर बोराएवढा द्या. प्रसादाची गोडी परिमाणात नसते. मात्र पानात वाढप करताना आग्रह करू नका. आग्रह हा यजमानाचा अहंकार असतो आणि तो पाहुण्याच्या देहात रोग होऊन राहतो.”

त्या दिवशी पंगतीत नाचणीची भाकरी होती, वालाचे बिरडे होते, टाकळ्याची भाजी होती, मुळ्याची कोशिंबीर, ताक आणि थोडा भात. शेवटी प्रत्येकाच्या हातावर शिऱ्याचा लहानसा गोळा आला. ज्या दोघा साधूंना आजार होता त्यांनीही तो मस्तकी लावून घेतला. बाईंनी दुसऱ्यांदा डाव पुढे केला नाही. मी पाहत होतो. डाव हातात धरून त्या क्षणभर थांबल्या आणि मग त्यांनी तो पातेल्यात परत ठेवला. पिढ्यानपिढ्यांची सवय त्या हाताला पुढे ओढीत होती. मला तेव्हा माझा हात आठवला, गुरुबंधूंच्या पानावर दुसऱ्यांदा शिरा वाढणारा.

तात्पर्य असे की, रसनाजय हा केवळ खाणाऱ्याचा नसतो, तो वाढणाऱ्याचाही असतो. साधूने ‘पुरे’ म्हणण्यास शिकावे आणि वासनिकाने ते ‘पुरे’ एकदाच ऐकून मान्य करण्यास शिकावे. एवढे झाले तर झोळ्या खुंटीस लागणार नाहीत आणि नाम घेण्यास दिलेला हा देह नाम घेण्याच्याच कामी शेवटपर्यंत येईल. सर्वज्ञ प्रभू आपणा सर्वांस ती बुद्धी देवोत.

दंडवत प्रणाम.